रिस्टोर झालं, पण विंडोज उघडेना

इंदूरच्या राजेंद्रनगरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"मी घरी बसून सियागंजातल्या काही किराणा व्यापाऱ्यांचे हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिते. कॉम्प्युटर जुना, फारच हळू चालायचा, म्हणून दिवाळीला आलेल्या भाच्यानं नवी वेगवान डिस्क, एसएसडी, बसवून दिली. आधी एका सॉफ्टवेअरनं बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेतला. 'तुझं सगळं सी मध्येच आहे ना मावशी,' म्हणून त्यानं फक्त सी वर टिक केलं. मग तो बॅकअप एसएसडीवर रिस्टोर केला, शंभर टक्के पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर आलं. जागा मोकळी व्हावी म्हणून जुन्या डिस्कवरचा सी त्यानं डिलीट केला. डी वर घरचे फोटो आहेत, त्यामुळे ती डिस्क आतच जोडलेली आहे. आता कॉम्प्युटर लावला की निळी स्क्रीन येते, वर रिकव्हरी लिहिलेलं असतं आणि खाली एक कोड: शून्य, एक्स, सी, मग सहा शून्यं आणि शेवटी ई. भाचा परत बेंगळुरूला गेला. आर. एन. टी. मार्गावरच्या एका दुकानात नेला, तर म्हणाले, 'मॅडम, फॉर्मेट मारना पडेगा, डेटा की गॅरंटी नहीं.' २० तारखेला व्यापाऱ्यांचं जीएसटीचं विवरण, जीएसटीआर-३बी, भरायचं आहे. रात्र रात्र झोप नाही. हो, आणखी एक. चालू करताना तो तारीख २०१४ ची दाखवतो आणि एफ-१ दाबायला सांगतो, पण ते तर बरेच महिने चालू आहे."

ताई, फॉर्मेट मारू देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचे हिशेब एसएसडीवर आहेत, आणि बाहेरच्या डिस्कवरही त्यांची एक प्रत आहे. रिस्टोर फसलेलं नाही. विंडोज जागेवर आहे, फक्त कॉम्प्युटरला तिथवर पोचायची वाट सापडत नाहीये. अशा वेळी डेटा जातो तो बहुधा बिघाडामुळे जात नाही, घाबरून केलेल्या फॉर्मेटमुळे जातो. म्हणून दुकानातून मशीन घरी आणा आणि बाहेरची बॅकअपची डिस्क कपाटात ठेवून द्या. सगळं मार्गी लागेपर्यंत ती कुणाच्याही हातात देऊ नका, भाच्याच्याही नाही.

आता नेमकं झालंय काय ते पाहू, म्हणजे पुढच्या पायऱ्या करताना हात थरथरणार नाही. विंडोज नुसतं सी ड्राइव्हवर नसतं. ते बसवताना डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा भाग वेगळा काढला जातो. नव्या पद्धतीच्या मशीनवर त्याला ईएफआय म्हणतात आणि तो बहुधा १०० एमबीचा असतो. जुन्या पद्धतीत त्याचं नाव सिस्टिम रिझर्व्ड. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, म्हणून माय कॉम्प्युटरमध्ये तो दिसत नाही. कॉम्प्युटर चालू झाला की मदरबोर्ड आधी या भागात जातो. तिथे बूट मॅनेजर नावाचा, विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम असतो आणि विंडोज कुठल्या डिस्कच्या कुठल्या भागात आहे याची नोंद असते. ती नोंद वाचून मग सी उघडतो. घर बदललं, पण पोस्टातला पत्ता जुनाच राहिला, तसं तुमचं झालं आहे.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. तुम्हाला दिसणारी निळी स्क्रीन विंडोजचा बूट मॅनेजरच दाखवतो. म्हणजे तो चालू होतोय. एसएसडीवर फक्त सी उतरवला, तर तिथे तो असणार नाही. मग तो येतोय कुठून? आत जोडून ठेवलेल्या जुन्या डिस्कवरून. त्याच्या नोंदीत अजून जुन्या डिस्कवरचा सी आहे आणि तो तर डिलीट झाला. शेवटी ई असलेल्या कोडचा अर्थही हाच: हवं असलेलं डिव्हाइस जोडलेलं नाही किंवा हाती लागत नाही. सगळं एकमेकांशी जुळतं. विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम इमेजमध्ये, म्हणजे अख्ख्या सिस्टिमच्या बॅकअपमध्ये, हा छोटा भाग आपोआप घेतला जातो. बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये टिका आपण लावायच्या असतात आणि सी सोडून बाकीचे एवढेएवढेसे भाग कुणालाही फालतू वाटतात. भाच्यावर रागावू नका, त्याचं बाकीचं काम नीट झालेलं आहे.

दुरुस्तीच्या आधी २० तारखेचं बघू, कारण तो घोर वेगळा आहे आणि लवकर मिटण्यासारखा आहे. ३बी भरायला तुमचाच कॉम्प्युटर लागत नाही, पोर्टल कुठूनही उघडतं. तुम्हाला हवे आहेत फक्त आकडे आणि ते विंडोज सुरू न करताही एसएसडीवरून काढता येतात. शेजारी किंवा ओळखीत कुणाकडे चालता कॉम्प्युटर असेल, तर तिथे ८ जीबी किंवा त्याहून मोठा रिकामा पेनड्राइव्ह लावा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह तयार करा. पैसे पडत नाहीत. त्यावर आधी काही असेल तर ते पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. हिशेब कॉपी करायला दुसरा एक पेनड्राइव्ह जवळ ठेवा.

तयार झालेला पेनड्राइव्ह तुमच्या मशीनला लावा आणि चालू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहा. कंपनीप्रमाणे ते एफ-८, एफ-११, एफ-१२ किंवा एस्केप असतं. पहिल्या स्क्रीनवर एका कडेला बहुधा लिहिलेलं दिसेल. यादीत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं, एकदा पुढे यूईएफआय असलेलं आणि एकदा नसलेलं, तर सध्या यूईएफआयवालं निवडा. भाषेची स्क्रीन आली की इन्स्टॉलच्या बटणाकडे वळू नका. शिफ्ट धरून एफ-१० दाबा. काळी खिडकी उघडेल, तिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात.

त्या खिडकीत इंग्रजीत नोटपॅड असं टाइप करून एंटर दाबा. साधं नोटपॅड उघडेल. त्यात फाइल, मग ओपन, आणि खालच्या रकान्यात ऑल फाइल्स निवडा. ही जी खिडकी उघडते तिच्यातून कॉम्प्युटरमधले सगळे ड्राइव्ह दिसतात आणि राइट क्लिक करून फोल्डर कॉपी-पेस्टही करता येतं. एक लक्षात ठेवा, इथे ड्राइव्हची अक्षरं नेहमीची नसतात. तुमचा सी इथे डी किंवा ई दिसू शकतो. ज्याच्या आत विंडोज आणि यूझर्स ही दोन्ही फोल्डरं आहेत तो तुमचा. टॅलीचं डेटा फोल्डर शोधा. आत १०००० सारख्या आकड्यांच्या नावांची फोल्डरं असतील, दर कंपनीचं एक. ती सगळी दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. मोठ्या फोल्डराला वेळ लागतो आणि या खिडकीत कॉपी किती झाली याची पट्टी दिसत नाही, तेव्हा सगळं ठप्प झाल्यासारखं वाटेल. तसंच राहू द्या. थोड्या वेळानं पेनड्राइव्ह उघडून फोल्डरं आली का ते बघा. मग ज्यांच्याकडे टॅली आहे त्यांच्या मशीनवर ती उघडा, आकडे घ्या आणि विवरण भरून मोकळ्या व्हा. तुमच्या टॅलीपेक्षा त्यांची आवृत्ती जुनी नसावी, एवढं आधी विचारून घ्या. ३बी ला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये शुल्क, शिवाय कर बाकी राहिला तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. हा भार तुमच्या व्यापाऱ्यांवर येऊ नये म्हणून हे काम पहिलं.

आता मशीन. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात ती २०१४ ची तारीख मला महत्त्वाची वाटते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बटण-बॅटरी असते, ३ व्होल्टची, सीआर २०३२ नावाची. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ आणि बायॉसमधली (मदरबोर्डवरच्या, विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या प्रोग्रॅममधली) सेटिंगं तीच सांभाळते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कडकडली की भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते आणि ती चांगलीच आहे. पण त्या काळात सगळा भार या बॅटरीवर येतो आणि काही वर्षांनी ती संपते. मग तारीख मागे जाते आणि सेटिंगं कारखान्यातून आली होती तशी होतात. त्यात डिस्क कुठल्या पद्धतीनं वाचायची आणि बूट जुन्या पद्धतीनं करायचं की नव्या, हेही येतं. ती बॅटरी आधी बदला. घड्याळाच्या दुकानातही मिळते, किंमत किरकोळ. केबल काढून, मशीन उघडून, जुनी नखानं सरकवून काढायची आणि नवी अधिकचं चिन्ह वर ठेवून बसवायची. ही बदलली नाही, तर आज जुळवलेली सेटिंगं उद्या सकाळी पुन्हा जातील आणि तुम्हाला वाटेल दुरुस्ती टिकली नाही. तारीख चुकलेली असली की ब्राउझरमध्ये बँकेची आणि जीएसटीची साइट उघडतानाही सुरक्षेच्या सूचना येतात, तो त्रासही याच्याबरोबर जाईल.

मशीन उघडलंच आहे तर जुन्या हार्ड डिस्कची केबलही काढून ठेवा. फोटोंचा डी तिच्यावर आहे, आणि पुढे ज्या प्रोग्रॅमनं काम करायचं आहे तो चुकीच्या डिस्कवर चालला तर मागे वळता येत नाही. आत फक्त एसएसडी आणि बाहेर फक्त पेनड्राइव्ह, असं करूनच पुढे जा. जुनी डिस्क काढून मशीन सुरू केलंत तर आता तो निळा पडदाही दिसणार नाही, बूट डिव्हाइस सापडलं नाही असं काहीतरी येईल. बिघाड वाढला असं समजू नका. बूट मॅनेजर जुन्या डिस्कवरून येत होता याचा तो पुरावाच आहे.

पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू करून काळी खिडकी उघडा. स्टार्टअप रिपेअर नावाची सोय आहे, पण ज्या भागाची दुरुस्ती करायची तोच तुमच्या एसएसडीवर नाही, तेव्हा तिच्यावर वेळ घालवू नका. काही जण बूटरेक फिक्सबूट करा म्हणून सांगतील. नव्या पद्धतीच्या डिस्कवर त्याला बरेचदा ॲक्सेस डिनाइड एवढंच उत्तर मिळतं. तोही नाद नको.

मी हुकूम उच्चाराप्रमाणे लिहिते, टाइप अर्थातच इंग्रजीत करायचे. पहिला हुकूम डिस्कपार्ट. तो चालू झाला की लिस्ट डिस्क. आत एसएसडी आणि पेनड्राइव्ह अशा दोनच ओळी दिसायला हव्यात, जीबीच्या आकड्यावरून कुठली कोण ते कळेल. एसएसडीच्या ओळीत उजवीकडे जीपीटीच्या रकान्याखाली चांदणी आहे का ते बघा. पुढचं सगळं त्या एका चांदणीवर ठरतं. डिस्कपार्टमध्ये क्लीन नावाचा एक हुकूम आहे. तो 'नक्की ना?' असं विचारत नाही आणि अख्ख्या डिस्कची मांडणी पुसून टाकतो. कुणी फोनवर कितीही खात्रीनं सांगितलं तरी हा शब्द टाइप करायचा नाही.

चांदणी असेल, तर एसएसडी नव्या पद्धतीची आहे आणि तिच्यावर तो छोटा भाग नव्यानं करायचा आहे. सिलेक्ट डिस्क आणि पुढे एसएसडीचा क्रमांक. मग लिस्ट व्हॉल्यूम करून विंडोजचा भाग आकारावरून ओळखा, त्याचं इथलं अक्षर कागदावर टिपून घ्या आणि सिलेक्ट व्हॉल्यूम करून त्याचा क्रमांक द्या. आता श्रिंक, जागा सोडून डिझायर्ड, बरोबरचं चिन्ह, ५००. सी च्या शेपटाकडची ५०० एमबी मोकळी होईल, आतल्या फाइलींना धक्का लागत नाही. त्या मोकळ्या जागेत क्रिएट पार्टिशन ईएफआय, साइझ बरोबर २६०. त्यानंतर फॉरमॅट क्विक, एफएस बरोबर फॅट-३२. इथे फॉरमॅट शब्द वाचून दचकाल, पण आत्ताच तयार झालेल्या रिकाम्या २६० एमबीचंच हे फॉरमॅट आहे. आधीच्या हुकमानंतर 'यशस्वी' अशा अर्थाचं वाक्य आलेलं असेल तरच हा द्या. नसेल तर थांबा आणि मला लिहा. शेवटी असाइन लेटर बरोबर एस, आणि एक्झिट.

आता मुख्य हुकूम, बीसीडीबूट. त्याच्यापुढे जागा सोडून विंडोज फोल्डरचा पत्ता: टिपून ठेवलेलं अक्षर, कोलन, उलटी तिरकी रेघ, विंडोज. पुन्हा जागा, सरळ तिरकी रेघ आणि एस, जागा, एस आणि कोलन. पुन्हा जागा, सरळ तिरकी रेघ आणि एफ, जागा, यूईएफआय. एंटर. बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड असं आलं की काम झालं. एसएसडीवर आता तिचा स्वतःचा बूट मॅनेजर आहे आणि त्याच्या नोंदीत नवा सी आहे. पेनड्राइव्ह काढा, मशीन पुन्हा सुरू करा.

चांदणी नसेल तर एसएसडी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे आणि वेगळा भाग करायची गरज नाही. डिस्कपार्टमध्ये एसएसडी निवडा, मग लिस्ट पार्टिशन, विंडोजचं पार्टिशन निवडा आणि ॲक्टिव्ह हा एकच शब्द द्या. बाहेर येऊन बीसीडीबूटचा तोच हुकूम, फक्त एस कोलनच्या जागी विंडोजच्याच भागाचं अक्षर आणि यूईएफआयच्या जागी बायॉस. मग बूटरेक, जागा, तिरकी रेघ, फिक्सएमबीआर. हा बूटरेक शिफ्ट-एफ-१० च्या खिडकीत सापडला नाही, तर रिपेअर युवर कॉम्प्युटर, ट्रबलशूट, कमांड प्रॉम्प्ट या वाटेनं गेल्यावर मिळेल. अशा मशीनला बायॉसमध्ये लेगसी किंवा सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीचं बूट, चालू असावं लागतं. बॅटरी गेल्यामुळे नेमकं तेच बदललेलं असू शकतं, तेव्हा तिथेही एकदा बघा.

यानंतर निळ्या स्क्रीनवर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस असं आलं, तर अर्धी लढाई जिंकलात असं समजा. विंडोज सापडलं आहे, सुरूही होतंय, फक्त डिस्कशी बोलायची रीत बदलली आहे. बायॉसमध्ये साटा मोड नावाची ओळ असते. एएचसीआय असेल तर रेड किंवा आयडीई करून बघा, रेड असेल तर एएचसीआय. एका वेळी एकच बदल, आणि आधी काय होतं ते कागदावर लिहून. तुमच्यासारखंच कुणी लॅपटॉपवर करत असेल आणि त्याला बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, किल्ली मागितली, तर ती ४८ आकड्यांची असते आणि बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ठेवलेली सापडते.

विंडोज उघडलं की टॅली लायसन्स पुन्हा ॲक्टिव्हेट करायला सांगेल अशी शक्यता आहे, सिरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल हाताशी ठेवा. विंडोजचं लायसन्स मुख्यतः मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, त्याला सहसा काही होत नाही. पण तुमचं विंडोज १० असेल, तर त्याचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. दुसऱ्यांचे पैशाचे हिशेब ज्या मशीनवर आहेत तिथे हे फार दिवस तसंच ठेवू नये. मशीन विंडोज ११ ला चालेल का, हे भाचा पुढच्या वेळी आला की बघू द्या. आज नाही.

दोन-चार दिवस सगळं सुरळीत चाललं की मशीन पूर्ण बंद करून जुनी डिस्क जोडा. जोडल्यावर पुन्हा तीच निळी स्क्रीन आली, तर काही बिघडलेलं नाही, मदरबोर्डानं सवयीनं जुन्या डिस्कवरचा बूट मॅनेजर उचललाय. बायॉसमध्ये बूटच्या यादीत एसएसडीला पहिल्या जागी न्या. विंडोज बूट मॅनेजर असं नाव दोनदा दिसलं तर शेजारी डिस्कचं नाव असतं, एसएसडीचं बघून निवडा. डी चं अक्षर बदललेलं दिसलं तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये राइट क्लिक करून परत डी देता येतं, फोटो आहेत तसेच राहतात. जुन्या डिस्कवरचा तो छोटा बूटचा भाग महिनाभर तरी काढू नका.

आणि त्या महिन्यात एक नवा बॅकअप घ्या. या वेळी सी बरोबरच त्या डिस्कवरच्या सगळ्या छोट्या भागांवर टिक करा. टॅलीचा बॅकअप वेगळा घ्या, टॅलीच्याच बॅकअपच्या सोयीनं, दर महिन्याचं विवरण भरून झालं की लगेच. आणि तो दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवर एकदा उघडून बघा. अख्ख्या सिस्टिमची इमेज कितीही चांगली असली, तरी १९ तारखेच्या रात्री एका व्यापाऱ्याचा एक लेजर हवा असतो तेव्हा ती फार जड पडते.

बीसीडीबूटनंतर वेगळा कोड आला, तर स्क्रीनचा फोटो आणि लिस्ट डिस्कच्या स्क्रीनचा फोटो, दोन्ही पाठवा. कोडमध्ये चार शून्यांनंतर २२५ असेल तर तेवढं पत्रात वरच लिहा.